बारवेजवळचा वॉल

कर्ज नव्हतं, दारू नव्हती,
माझ्याशी भांडणसुद्धा नव्हतं.
पोळा झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी
वॉलची चावी उंबऱ्यावर ठेवून
लिंबाजी डोंगरात गेला.
(नवरा होता तोवर नाव घेतलं नाही. आता घेते.)

गावाला कळलं ते नळ कोरडे राहिल्यावर.
सतरा वॉल. कुठला किती आटे फिरवायचा,
वरच्या आळीला पाणी चढावं म्हणून
मारुतीपुढचा किती वेळ बंद ठेवायचा,
कागदावर काहीच नव्हतं.
सगळी पाइपलाइन त्याच्या डोक्यात,
आणि डोकं धारूरच्या घाटात, सीताफळीच्या रानात.

ग्रामसेवक म्हणला, आपलपोटा माणूस.
सासू म्हणली, पोटात होता तव्हाच कळलं होतं,
लाथ मारायचा नाही कधी.
मयुरी काहीच म्हणली नाही.
बारावीच्या फॉर्मवर वडिलांची सही
तिनंच केली, हुबेहूब.

मी चावी उचलली.
कोणीतरी उचलायचीच होती.
आठ दिवस चुकले. बौद्धवाड्याला रात्री दोनला पाणी सोडलं,
शाळेची टाकी दिवसभर वाहिली.
शिव्या त्याच्या नावाच्या होत्या,
पोच मी दिली.

दोन वर्षांनी ऐकलं, लोक नारळ घेऊन वर जातात.
कोणाची म्हैस सापडली, कोणाच्या पोरीचं जमलं.
तो बोलत नाही, म्हणून जास्तच खरं वाटतं.
मग मी पण गेले. नारळ नाही,
दोन किलो मीठ नेलं.
रानात सगळं मिळतं म्हणतात, मीठ मिळत नाही.
ते ट्रकातून, दुकानातून,
माणसांच्याच हातून यावं लागतं.

कपारीत पाणी झिरपत होतं.
खाली त्यानं दगड कोरून कुंड केलेलं.
दिवस मावळायला त्यानं चिंधीचा बोळा काढला
आणि मोर आले, अगदी वेळेवर,
मागून तितर, पिल्लांची रांग घेऊन.
माझ्या पोटात आग पडली.
इथंही पाणीच सोडतोस,
मग तिथं काय वाईट होतं?

बऱ्याच वेळानं बोलला, आवाज गंजलेला.
"हे पितात आन् जातात.
त्यांच्या आळीला जास्त कामून, असं म्हणत नाहीत."
मला हसू आलं. खरं सांगते, आलं.
राग मात्र होता तिथंच बसून राहिला.

स्वार्थी म्हणावं, तर त्याच्याकडं होतं काय?
एक वाकळ, एक पातेलं,
आणि एवढी शांतता
की मला माझ्या बांगड्यांची लाज वाटली.
नाही म्हणावं,
तर ती शांतता आली कुठून?
थोडी माझ्या पहाटेच्या झोपेतून,
थोडी मयुरीच्या फॉर्ममधून
काढून नेलेली.

निघताना त्यानं विचारलं,
"बारवेजवळचा वॉल गळतो का आणखी?"
तो मी मागच्या दिवाळीतच बदलला.
नवा, पितळी. थेंब पडत नाही.
"गळतो," मी म्हणलं.
"रातभर?"
"रातभर."

त्यालाही काहीतरी ऐकू यावं रात्री.

मी रोज चारला उठते, बारवेजवळचा फिरवते.
पाणी पाइपातून चढायला दहा मिनिटं घेतं.
घागरी वाजायच्या आधी
ओट्यावर बसते, चावी मांडीवर.
समोर बारवेतला अंधार, वर घाटाची काळी रेघ.
तेवढा वेळ मी कोणाचीच कोणी नसते.
कधी दहाची पंधरा मिनिटं होतात, कधी वीस.
वरच्या आळीतून कोणी ओरडलंच
तर सांगते,
वॉल जाम झाला होता.