नळी बदलून दे

निळ्या फुलांच्या चादरीत गुंडाळलेली कार्बाइन
व्हर्डी स्टिडमनं माझ्या टेबलावर ठेवली,
निजलेलं मूल ठेवावं तशी, आवाज न करता.
"कॅलिबर बदलून हवंय."
माझा डावा कान बहिरा. मी उजवा पुढे केला.
"नळी बदलून दे, ऑर्व्हिल. लहान काडतुसाची कर."

केंटकीच्या या दरीत चाळीस वर्षं मी हेच करतो.
गंजलेले चाप, तडकलेले दस्ते,
बापानं लेकाला दिलेल्या, लेकानं गहाण टाकलेल्या बंदुका;
खाण बंद पडली त्या वर्षी तर
टांगायला भिंतीवर खिळा उरला नव्हता.
माणसं कॅलिबर बदलतात ती बहुधा पैशापायी,
काडतूस महागलं म्हणून.
नाहीतर खांदा म्हातारा झाला म्हणून.
मी तिच्या खांद्याकडे पाहिलं.
अख्खा हिवाळा लाकडं फोडलेला खांदा.
काही झालं नव्हतं त्याला.

"घरासाठी हवी असेल तर," मी सवयीनं सुरू झालो,
"लांब नळी बोळात वळत नाही, दारात अडकते.
आखूड शॉटगन आहे. पिस्तूल आहे,
पण रात्री हात थरथरला
की पिस्तूल कुणाचंच नसतं.
भिंती कशाच्या आहेत?"
ती हसली. "ट्रेलर आहे. पत्रा आणि पुठ्ठा."
"कोण कुठे झोपतं?"

पावतीच्या पाठीवर तिनं घर काढलं.
शेगडी, बोळ, तिची खाट,
अगदी टोकाला नात, टॅन्सी, वय सात.
खाटेवर तिनं उशीही काढली, उगाच.
मी दारापासून पेन्सिलीनं रेघ ओढली.
बोळातून, दोन भिंतींतून, ती उशीशी गेली.
खिडकीपासून दुसरी ओढली. तीही तिथेच.
घर एवढंसं, की कुठलीही रेघ
कुणाच्या तरी झोपेतून जात होती.

"शेरीफला यायला पन्नास मिनिटं लागतात," ती म्हणाली.
"रात्री एक पिकअप दिवे विझवून चढावर येते.
थांबते. जाते.
कुत्रा होता, तो खायचाच बंद झाला,
डेलबर्ट गेला त्या आठवड्यापासून."

मग तिनं पिशवीतून काडतुसांचं खोकं काढलं,
जुन्या मापाचं. "हेही तुझ्याकडेच राहू दे."
माझी बोटं न सांगता मोजतात.
दहाच्या पाच ओळी.
शेवटच्या ओळीत एक घर रिकामं.

डेलबर्टची पेटी चर्चमध्ये बंदच होती.
पाद्री म्हणाला, हृदय.
मीही घरी येऊन बायकोला हृदयच सांगितलं,
आणि तिनंही, बशी पुसत, हं म्हटलं.

"नवी नळी बसली की," व्हर्डीनं विचारलं,
"यातलं काडतूस परत हिच्यात जाईल?"
"नाही."
"जोर लावला तरी?"
"नाही. हिला ते आता ओळखूच येणार नाही."

तिनं मान हलवली.
चादरीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून,
मोडली, पुन्हा घातली.
दाराशी थांबली.
"घरात काय ठेवू ते सांगितलं नाहीस."

मागे भिंतीवर सगळी दुकानदारी टांगलेली,
आणि माझ्या तोंडून निघालं,
"दाराला लोखंडी अडसर घाल. शनिवारी मी येतो बसवायला.
अंगणात दिवा लावू, कुणी हाललं की पेटणारा.
माझ्या मेहुणीकडे एक पिल्लू उरलंय,
दिसायला वाईट, पण वाऱ्यावरही भुंकतं."
"आणि ही?"
"हिला वेळ लागेल. नळी मागवावी लागते."

नळी मागच्या खोलीत होती,
फळीवर, तेलकट कागदात,
दोन वर्षं झाली.