केसतूड

धायरी फाट्यावर, दूध डेअरीच्या वर,
दहा बाय बाराच्या खोलीत
मी वॅक्स गरम करायला ठेवते
आणि तोवर पाय वाचते.

हात उलटा फिरवायचा, केसांच्या विरुद्ध.
मऊ लागलं तर पट्टी.
बाजरीच्या दाण्यासारखं टोचलं
तर ट्यूबलाइटखाली सरका म्हणायचं.
मुरूम नव्हे हे, नीट बघा:
लाल टेंगळाच्या मधोमध एक केस उभा,
टोकाला पिवळट पू,
भोवतीची कातडी कोमट.
आई केसतूड म्हणायची.

मग एकेकीची चौकशी.
हिंजवडीवाली दहा तास खुर्चीत, घट्ट जीन्समध्ये.
पोहायला जाणारी ओल्या पोशाखातच चहा पिते.
शिंदेबाईंची सून कुरळ्या केसांची,
तिचा केस बाहेर यायचा सोडून
परत आतच वळतो.
नवऱ्याचं रेझर वापरणारी मात्र
कधीच कबूल होत नाही.

खुटवडबाईंना मांडीवर तिसऱ्यांदा आलं होतं.
"उष्णता गं. सब्जा घेतेय."
मी वॅक्सचं बटण बंद केलं.
"रात्री किती वेळा उठता?"
"तीनदा. का?"
"आणि पाणी?"
"तांब्या उशाशीच असतो."
"आज नाही करणार. आधी साखर तपासा."
"पार्लर आहे का दवाखाना?"
चपला जिन्यावरून खाली वाजत गेल्या,
डेअरीवाल्यानंसुद्धा वर बघितलं.

दोन महिने पत्ता नाही.
मी त्यांचं नाव वहीतून खोडलं,
मग पेन्सिलनं परत लिहिलं.

परवा आल्या. स्टुलावर बसल्या,
पाणी मागितलं, अर्धंच प्यायल्या.
"दोनशे ऐंशी," म्हणाल्या,
जणू भाजीचा भाव.
"बिनसाखरेचा चहा बघून
शेजारीण विचारते, सुतक आहे का."
दोघी हसलो.

मी वही काढायला वाकले तेव्हा
त्यांनी माझी वेणी बाजूला केली.
"आणि हे काय गं मानेवर?"

सकाळी ओले केस, वर हेल्मेट,
सिंहगड रोडचा पाऊण तास, वर्षानुवर्षं.
खोलीत चार आरसे आहेत.
त्यांच्यात मी फक्त दुसऱ्यांच्या माना बघते.

माझं बोट आपोआप तिकडे गेलं.
"नख लावू नकोस," त्या म्हणाल्या,
अगदी माझ्या आवाजात.
आणि कोमट पाण्यात बुडवायला
माझाच नॅपकिन शोधू लागल्या.