दाखवा बरं, कसा टाकता

थेंब टाकता का रोज, असं विचारलं
तर सगळेच हो म्हणतात.
सेलूच्या सरकारी दवाखान्यात, डोळ्यांच्या खोलीत
अकरा वर्षं मी हे 'हो' रजिस्टरात उतरवत आलेय.

मग एकदा नुसतं म्हणाले,
माझ्यासमोर टाका.

मन्मथअप्पांनी बाटली अत्तराची असावी तशी धरली
आणि थेंब पापणीला लावला. आत नाही.
रज्जाकभाईंचा पहिला गालावर, दुसरा मिशीत,
तिसरा बरोबर पडला म्हणून खूश झाले.
म्हणजे महिन्याची बाटली दहा दिवसांची,
आणि पुढचे वीस?
"टाकतो की मॅडम!"
प्रयागबाईंनी डोळा घट्ट मिटला,
मिटल्या डोळ्यावर ओतलं,
वरून पदरानं पुसूनही घेतलं,
लेकराचं नाक पुसावं तसं.
एकीनं तर बाटलीचं टोक टोचलंच नव्हतं.
दोन महिने दाबत होती.
तिला वाटलं, औषधच असं असेल,
न दिसणारं.

काचबिंदू दुखत नाही, हीच त्याची खोड.
दर पेरणीला धुऱ्यावरून एक तास आत सरकणारा
शेजारी असतो ना, तसा येतो. कडेकडेनं.
मधलं तेवढं दिसत राहतं,
म्हणून माणूस म्हणतो, माझं रान शाबूत आहे.

मुंजाभाऊ जिनिंगवर काट्याला होते,
कापसाच्या गाड्या मोजायचे.
त्यांचा दाब मागच्या खेपेला एकतीस,
या खेपेला सोळा.
मी मशीन पुसून पुन्हा बघितलं. सोळा.
कोण टाकून देतं? सून?
"ती पहाटंच कामाला जाती. मीच टाकायलो."
दाखवा बरं.
"इथं नाही जमायचं," म्हणाले,
"इथं वर भोक कुठंय?"

मला वाटलं, चेष्टा करतायत.

घर पत्र्याचं. एका खिळ्याची जागा मोकळी पडलीय,
तिथून सकाळी उजेडाचा दाणा दिसतो.
खाली चटई टाकायची, उताणं पडायचं,
नजर त्या दाण्याला बांधायची.
खालची पापणी ओढून खिसा करायचा,
मनगट कपाळावर टेकवायचं
आणि बाटली आणायची हळूहळू,
काट्यावर शेवटची मूठ टाकावी तशी.
दाणा झाकला गेला
की दाबायचं.

"बाटली माठाच्या बुडाशी ठेवतो, ओल्या फडक्यात.
गार थेंब कळतो. डोळ्यात पडला का गालावर,
कुणाला इचारावं लागत नाही."
आणि रात्रीचा?
"गल्लीतला दिवा येतो की त्याच भोकातून."
लाईन गेली तर?
"मग पडून ऱ्हायचं. येती कवातरी."

थोरला एकदा डांबर घेऊन वर चढला होता,
पाणी गळतं म्हणून भोक बुजवायला.
हे खालून असे ओरडले, म्हणे,
की शेजारचे धावत आले, कुणी पडलं का बघायला.
आता पावसाळ्यात भोकाखाली भगुणं असतं;
दवा टाकायच्या वेळी तेवढं सरकवायचं.

परभणीहून त्यांचा तपासणीचा कागद आला.
कडेनं काळं दाटलेलं,
मधे भाकरीएवढं पांढरं.
मागच्या वर्षीही भाकरीएवढंच होतं.
मी दोन्ही कागद एकावर एक धरून
खिडकीशी नेऊन बघितले.

त्या दिवशी दुपारी स्टुलावर चढून
मी खोलीच्या छताला एक टिकली चिकटवली.
माझ्याच पर्समधली, चमकीची.

प्रयागबाई टेबलावर उताण्या झाल्या.
वर बघा, टिकलीकडं. डोळा मिटू नका.
"कुणाच्या कपाळाची गं, माय?"
दवाखान्याच्या.
हसल्या, आणि हसताना हात हलला.
थेंब अर्धा आत गेला, अर्धा कानाकडं.

रजिस्टरात दोनच रकाने आहेत, हो आणि नाही.
मी मधल्या रेघेवर लिहिलं,
अर्धा.