इतिवृत्तात न आलेलं

सभा सुरू : सात वाजून चार मिनिटं.
हजर : सातपैकी पाच सभासद.
प्रेक्षकांत नऊ माणसं, एक कुत्रा.
कुत्रा मी लिहीत नाही.

एकतीस वर्षं लिहिते आहे,
ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं,
आणि दर महिन्याला निम्मं गाव
वहीबाहेर उभं राहतं.

गाव केवढं? सिगरेट पेटवून निघालात
तर विझायच्या आत दुसऱ्या शिवेवर.
एका अंगाला ओढा, एका अंगाला रेल्वेचा बांध,
आणि उत्तरेची हद्द पोलचॅकबाईंच्या स्वयंपाकघरातून :
चूल आमच्यात, फ्रीज टाउनशिपमध्ये.
कर त्या दोन्हीकडे भरतात,
कुरकुर मात्र आमच्याकडेच.
पिट्सबर्ग नऊ मैलांवर. रात्री त्याचा उजेड
ढगांना लागतो,
आमच्या पायऱ्यांना नाही.

उपासाच्या शुक्रवारी बंबाच्या शेडमध्ये मासे तळतात.
सायरन झाला की तळणारेच बंब घेऊन पळतात
आणि कढई माझ्या हवाली.
दोनदा करपवलेत मी मासे.
लोकांनी खाल्ले. आग कुणाची होती,
हे विचारत विचारत खाल्ले.

आज विषय क्रमांक सहा :
पथदिव्यांचं बिल. दर तिसरा दिवा बंद करावा.

जुनी वही कपाटात खालच्या खणात आहे.
अठराशे चौऱ्याण्णव, शाई तपकिरी झालेली.
टाउनशिपचे शेतकरी म्हणाले होते,
दिवे कशाला? अंधार पडला की माणसानं झोपावं.
काचेच्या कारखान्यातली दुसरी पाळी
अंधारात पडली की सुटायची.
त्या नोव्हेंबरात एव्हान ट्रेहर्न ओढ्यात सापडला,
हातात जेवणाचा डबा तसाच.
एकसष्ट सह्या झाल्या, त्यांतले तेवीस नुसते अंगठे,
आणि आम्ही वेगळे झालो.
अकरा दिव्यांसाठी झालेलं गाव आहे हे.
वहीत एवढंच आहे : 'अर्ज मंजूर.'

टीकामाया अधिकारी उठल्या.
प्रत्येकाला तीन मिनिटं असतात, त्यांनी एक घेतलं.
गोदामातून रात्री साडेअकराला सुटते, म्हणाल्या,
बसथांब्यापासून घरापर्यंत चौदा दिवे.
मी मोजते. नवव्याला किल्ली हातात घेते.
तुम्ही कुठले बंद करणार,
तेवढं आधी सांगा, म्हणजे नीट मोजता येईल.

कोणी काही बोललं नाही.
हीटर तेवढा खडखडला.
खजिनदार आपल्या आकड्यांकडे
असा बघत होता, जणू ते दुसऱ्याचे आहेत.

मतं : दोन बाजूनं, दोन विरुद्ध.
पाचवे मिस्टर झेलिंका. त्यांनी कानातलं यंत्र
पुन्हा बसवलं आणि विचारलं,
काय, मासे वाढवायचे ना?
हसू फुटलं, त्यातच कुत्रा भुंकला,
आणि त्यांनी हात वर केला.

विरुद्ध, असं मी लिहिलं.
हात त्यांनी कशासाठी वर केला
हे मला आजही नक्की माहीत नाही.
एकतीस वर्षांत एवढी एकच नोंद
मी माझ्या मनानं केली.

सभा समाप्त : आठ चाळीस.
दार ओढून बाहेर आले
तर पायरीवरचाच दिवा
गेल्या मंगळवारपासून गेलेला.
कळवायचं मलाच होतं.