सेंटा

भट्टी बंद होऊन अकरा वर्षं झाली.
तरी वारा फिरला की बाना कापेम्ब्वा
दोरीवरचे कपडे आत घेतात.
हात ऐकत नाहीत, म्हणतात.

तेव्हा धूर जमिनीलगत यायचा,
दारं हुंगत, भुकेल्या कुत्र्यासारखा.
पोरं ओरडत, सेंटा आला, सेंटा!
आणि ओली फडकी नाकाला.
भोपळ्याचे वेल एका दुपारीत पांढरे.
नवरा तांब्याच्या रसासमोरून घरी यायचा,
खोकून झालं की म्हणायचा,
पगाराचा वास आहे हा.

मी नमुने घ्यायला आलो. फावडं, टेप, पिशव्या,
लिहायला पेन्सिल, कारण शाई पुसते.
वरच्या वीतभर मातीत काही नाही.
करडी, हलकी, धुऊन निघालेली;
ज्याला जायचं ते गेलं.
गुडघ्याएवढ्या खोलीवर लाल सुरू झाली,
कमरेएवढ्या खोलीवर गंजासारखी, बोटांना चिकटणारी.
लोखंडाची जुनी, आंबट माती,
आलेल्याला हाताला धरून बसवून घेणारी.

"इतकं खोल काय शोधतोस?"
माझी बेम्बा बाजारापुरती.
सल्फेटला शब्द सुचला नाही.
म्हटलं, तो धूर. पावसात विरघळून खाली गेला.
"आणि?"
आणि तिथेच आहे.
खड्ड्याच्या काठावर त्या बराच वेळ
पाय आत सोडून बसल्या होत्या.
मग ते वर ओढून घेतले.

प्रयोगशाळेत ही माती सहजी बोलत नाही.
नुसत्या पाण्यात ढवळली तर घोटभर देते,
बाकीचं पोटात ठेवते.
फॉस्फेट घातलं की मात्र
तो हट्टी पाहुणा जागा बळकावतो
आणि हा निमूट उठून बाहेर येतो.
बेरियमचे दोन थेंब, आणि नळीत पेज झाली.
त्यांच्या खड्ड्याची नळी इतकी दाट
की पलीकडची माझीच बोटं दिसेनात.
आकडा लिहिला. आकड्याला वास नसतो.

जानेवारीत मका गुडघ्याएवढा,
खालची पानं हिरवी, शेंड्याची कोवळी पिवळट.
चुलीतली राख बुंध्यांशी टाकलेली.
"आमच्यात टाकतात," एवढंच.
राखेनं आंबटपणा मोडतो,
तो मोडला की मातीची मूठ सैल होते,
हे ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

फेब्रुवारी संपता संपता शेंडे हिरवेगार.
राख लागू पडली, की मुळं लालपर्यंत पोहोचली?
अहवालात मी लिहिलं: सांगता येत नाही.
साहेबांना ते आवडलं नाही.

मार्चमध्ये त्यांनी कणीस भाजलं,
मोडून अर्धं माझ्या हातात दिलं.
गोड होतं, कोळशाचा वास होता.
"ह्यांना चावायचं नाही," त्या म्हणाल्या,
"शेवटी दातच नव्हते."

वारा फिरला.
त्या उठल्या.
दोरीवर काहीच नव्हतं.