आधीची दुरुस्ती

शारजात जिथे विमानं उतरायची
तिथे आता चौपदरी रस्ता आहे, सिग्नल, शवर्म्याचं दुकान.
त्याच्या मागच्या शेडमध्ये हे उभं आहे,
बिनपंखांचं, सोललेल्या कोलंबीसारखं.
खारटाणातून काढलं तेव्हा मिठाने
निम्मं अ‍ॅल्युमिनियम पिठूळ केलेलं;
नखाने टोकरलं तरी झडायचं.

मी ओझरचा. तीस वर्षं मिगच्या पोटात गेली.
निघताना मुलगी म्हणाली, बाबा, आता तरी
न उडणारं काहीतरी करा.
तेच करतोय.

इंजिन पोकळ. टाकीत थेंब नाही.
तरी प्रत्येक बोल्टाला तार पिळून लावतो,
सैल होऊ नये म्हणून. जरवली हसतो:
उस्ताद, हे काय पळून जाणारे?
हाताला कुठं माहीत.

शेपूट वेगळं सापडलं, धैदला,
खजुरांच्या कोठीत आढ्याला टांगलेलं. कोरडं.
कापडाखालच्या लाकडी पट्ट्या शाबूत,
पाचवी तेवढी मोडलेली, आणि मोडल्या जागी
बिस्किटाच्या डब्याचा पत्रा,
हाडाला कामट्या बांधाव्यात तसा आवळलेला.
आतून अजून सोनेरी.
कडा कानशीने घासलेल्या, सगळ्या,
कापडाला लागू नयेत म्हणून.
ऑगस्टातली रात्र असेल. कंदील.
उजाडताच वैमानिकाला उडायचंय,
आणि याने एकही कड
घासायची ठेवली नाही.

म्युझियमच्या शम्माबाई फाइल घेऊन आल्या.
ड्रॉइंगमध्ये हे नाही, म्हणाल्या. मूळचं बसवा.
म्हटलं, बाई, दुरुस्ती आहे ही.
माझ्या आधीची.
त्यांनी चष्मा काढला, पत्र्यावरून बोट फिरवलं.
कापलं नाही.
फाइल मिटली. हो म्हणाल्या नाहीत,
नाहीही म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी मोतालेब आला, रोल्याचा शिंपी,
एरवी कंदुरे शिवतो. तागाचं कापड खांद्यावर.
माप कुणी घेतलं याचं, म्हणाला, छाती फारच मोठी.
मग दिवसभर बोलला नाही.
दर दोन बोटांवर गाठ. सुई आत, सुई बाहेर.
पाचव्या पट्टीशी थांबला. वाकून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
तिथे त्याने टाके दाट घातले.

आता वर लाल डोप चढलाय,
कापड ढोलकीसारखं ताणलंय.
दाराशी पितळी पाटी लागेल, वैमानिकाच्या नावाची.
शेड बंद करण्याआधी मी
पट्टीपट्टीवर टिचकी मारत शेपटीपर्यंत जातो:
टुम्, टुम्, टुम्, टुम्,
ठप्.