मर्नाच्या घरातल्या वस्तू

कंपनीचं पत्र आलं सव्वीस दिवसांनी:
जळालेल्या प्रत्येक वस्तूचं नाव, खरेदीचं साल,
किंमत, आणि पावती असल्यास जोडावी.
पावत्या स्वयंपाकघरात होत्या, दुसऱ्या खणात.
खण नाही आता. स्वयंपाकघरही नाही.
धुराडं तेवढं उभं आहे,
पाहुणे गेल्यावरही दारात रेंगाळणाऱ्या
यजमानासारखं.

मर्ना ऑकेनडेन, वय एकाहत्तर.
तीस वर्षं तिने गिप्सलँडच्या या डोंगरात
शाळेची बस चालवली.
कुठल्या वळणावर कुठलं पोर ओकणार
हे तिला पाठ होतं.
कोरा तक्ता पुढ्यात घेऊन
दोन दिवसांत ती एवढंच लिहू शकली:
किटली. एक.

बुधवारी आम्ही बंबाच्या शेडमध्ये जमलो.
बंब बाहेर काढला, टेबलं लावली.
तसं कुणी बोलावलं नव्हतं.
थुय गरम पाव घेऊन आली,
म्हणून सगळ्यांना बसावं लागलं.

क्लाइव्ह टपाल टाकायचा. तो म्हणाला,
खिडकीशी पियानो होता, डावीकडची एक पट्टी मुकी.
ऑरेलिओला न्हाणीघराच्या फरश्या आठवत होत्या,
हिरव्या, अकरा ओळी,
त्यातली एक उलटी बसलेली. 'माझीच चूक,' म्हणाला,
आणि ते वाक्यही आम्ही लिहून घेतलं.

घराचा असा फोटो कुणाकडेच नव्हता.
शेजाऱ्याच्या कपाटाचा फोटो कोण काढतं?
पण कुणाच्या तरी केकमागे कपाट निघालं.
डेसमंडच्या प्लास्टर घातलेल्या पायामागे
शिवणयंत्र.
आणि एका लग्नात, नवरीच्या कोपराच्या जरा वर,
ते उंच घड्याळ,
जे तिच्याकडे असूच शकत नाही
असं कंपनीने दोनदा कळवलं होतं.

कंपनीचा माणूस तरुण होता, सभ्य होता.
राखेत पाय टाकताना 'माफ करा' म्हणाला,
राखेला.
मागची खोली आगीच्या आधीच खचली होती
असं त्याचं मत पडलं.
धुराला तारीख कशी घालतात ते त्याला शिकवलेलं.
वाईट माणूस नव्हता.
त्यामुळे भांडायलाही जमेना.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणे.
इथे वासे जळून गेले,
फिरायला उरला तो रस्ता,
आणि तो दर बुधवारी शेडकडेच वळायचा.

चौथ्या बुधवारी, एकोणिसाव्या पानावर,
मर्ना डोळे मिटून सांगत होती:
'निळं ओतीव भांडं, जाड बुडाचं, झाकणासकट.'
माझं पेन थांबलं.
भांडं माझ्याकडे होतं.
तीन ईस्टरांपूर्वी मागून आणलेलं,
बुडाला माझ्याच रश्श्याचा करपा.

रात्री घासलं. सकाळी
तिच्या कॅराव्हॅनमध्ये नेऊन ठेवलं.
मी काय बोलणार होते?
तिने झाकण उघडलं, आत पाहिलं, लावलं.
पुन्हा उघडलं.
मग यादी मागितली, चष्मा शोधला,
आणि ती ओळ खोडली,
पट्टी लावून, सरळ.
'एकशे चाळीस डॉलर कमी,' म्हणाली.
'अगं, राहू दे की,' मी म्हटलं.
'जळलं नाही त्याला जळलं म्हणायचं नाही.'

सहाशे अकरा वस्तू. त्या सही करून गेल्या.
लवादाची तारीख ऑगस्टात आहे, पुढेही जाईल.
काळ्या पडलेल्या निलगिरींना
खोडातूनच पालवी फुटलीय, केसाळ, वेडीवाकडी.
अजूनही दुकानात कुणीतरी मध्येच थांबतं:
दाराशी छत्र्यांची बादली होती ना गं?
होती. पिवळी. ती राहिलीच.

भांडं कॅराव्हॅनच्या पायरीवर असतं.
काल त्यात कुणीतरी बटाटे ठेवून गेलं.